फ्रेंच ओपनच्या लाल कोर्टवर असं काय असतं, की विम्बल्डन जिंकणारेही तिथं हरतात?

तुम्ही विचारलंय की, टेनिस अधूनमधूनच बघता, पण मे-जूनमध्ये टीव्हीवर लाल कोर्ट दिसलं की काही प्रश्न पडतात. ती खरोखरच माती असते का? तिथं खेळ हळू होतो म्हणतात, मग त्यात बघायचं काय? आणि पंच खुर्चीवरून उतरून जमिनीकडे वाकून काय बघतात? तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून सगळं एकत्रच सांगते.

माझं लहानपण मडगावात गेलं. बाबा संध्याकाळी ज्या क्लबात खेळायला जायचे तिथं तांबड्या मुरुमाची दोन कोर्टं होती. आठव्या वर्षी मी तिथं चेंडू वेचायला लागले आणि अकराव्या वर्षी रॅकेट हातात घेतली. जूनचा पाऊस सुरू झाला की ती कोर्टं बंद व्हायची. चार महिन्यांत त्यांच्यावर गवत माजायचं, मधोमध पाणी साचायचं. चतुर्थी होऊन पाऊस ओसरला की कोर्ट नव्यानं करायचं काम निघायचं. क्लबाच्या राखणदारांना आम्ही सगळी मुलं मामा म्हणायचो. ते वरचा थर खरवडायचे, चाळलेला मुरूम पसरायचे, पाणी मारायचे, चोपायचे, मग दगडी रूळ फिरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी. त्याच दिवसांत घरी आई अंगणात तेच करत असायची. तुळशीच्या लग्नाआधी अंगण नवं व्हायला हवं, म्हणून माती ओली करायची, लाकडी चोपण्यानं चोपून चोपून घट्ट करायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. शाळेतून येताना एकीकडे कोर्ट आणि दुसरीकडे अंगण तयार होताना मी बघितलंय. टेनिसमध्ये अशा मातीच्या कोर्टाला क्ले कोर्ट म्हणतात, आणि ते म्हणजे काय, हे मला त्यामुळे कुणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

क्लबात एक म्हातारे डॉक्टर यायचे, सगळे त्यांना दोतोर म्हणत. पोर्तुगीज अमलात शिकलेले. ते क्ले हा शब्द वापरत नसत, 'तेर्रा बातीदा' म्हणत. पोर्तुगीजमध्ये आजही या कोर्टाला तेच नाव आहे आणि त्याचा अर्थ आहे चोपलेली माती. फ्रेंच लोक 'तेर बातु' म्हणतात, अर्थ तोच. इंग्रजीतल्या क्ले या शब्दानं उगाच गोंधळ होतो, कारण क्ले म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कुंभाराची चिकणमाती येते. चिकणमातीवर पाऊस पडला तर चिखल होईल, ऊन पडलं तर भेगा पडतील. त्यावर टेनिस कसं खेळणार?

फ्रेंच ओपन जिथं होते त्या पॅरिसच्या रोलाँ गारोसवर वरचा लाल थर असतो तो भाजलेल्या विटांच्या बारीक चुऱ्याचा. माती एकदा भट्टीत भाजली की पाण्यात विरघळत नाही. आपल्याकडे समई नाहीतर तांब्याचा हंडा घासायला जुन्या विटेचा चुरा करायचे, तो आठवा. तो ओला झाला तरी कण वेगळेच राहतात, चिखल होत नाही. कोर्टवर नेमकं हेच हवं असतं. आणि हा लाल थर किती जाड असतो? जेमतेम एक-दोन मिलिमीटर. त्याच्याखाली चुनखडीच्या पांढरट चुऱ्याचा घट्ट दाबलेला थर, त्याखाली जळलेल्या कोळशाचे उरलेले खडे, त्याखाली खडी. पाणी खाली उतरून जावं आणि तरी वर थोडा ओलावा टिकावा, यासाठी ही सगळी रचना. तुम्हाला टीव्हीवर जे लाल दिसतं ते म्हणजे सारवण समजा. अंगणातही शेणाचा हात पातळच असतो, खरा जोर खालच्या चोपलेल्या जमिनीचा. खेळ रंगला आणि बेसलाइनपाशी, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेपाशी, लाल थर घासून गेला की खालचा पांढरट रंग डोकावायला लागतो. मग सेट संपल्यावर माणसं येऊन जाळी ओढत कोर्टभर फिरतात, ती ही भुकटी परत सारखी पसरवण्यासाठी. रोज पाणीही मारावं लागतं. कोरडं पडलं तर वरचा चुरा वाऱ्यानं उडून जातो.

विटांचा चुरा कुणाला सुचला, त्याची एक गोष्ट सांगितली जाते. १८८० च्या दशकात रेनशॉ नावाचे दोघे इंग्रज भाऊ, दोघेही विम्बल्डनचे विजेते, दक्षिण फ्रान्समधल्या कान शहरात हिवाळ्यात खेळायला जात. तिथलं गवत उन्हानं करपायला लागलं, म्हणून त्यांनी जवळच्या व्हालोरिस गावातल्या मातीच्या भांड्यांचे तुकडे कुटून तो चुरा कोर्टवर पसरला. व्हालोरिस हे कुंभारांचंच गाव.

आता खेळाकडे येऊ. विम्बल्डनचं कोर्ट गवताचं. गवतावर चेंडू पडला की घसरतो आणि खालून सपकन पुढे जातो. ओल्या शहाबादी फरशीवर चेंडू टाकून बघा, तसंच. विटेच्या चुऱ्यावर चेंडू टेकतो तेव्हा ते कण त्याला धरतात. घर्षण जास्त, म्हणून पुढे जायचा वेग कमी होतो, आणि चेंडू पुढे धावण्याऐवजी वर उठतो. वेग कमी आणि उसळी जास्त, एवढीच ती करामत. पण या एवढ्याशा फरकानं सगळा हिशेब बदलतो. गवतावर ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस आली तर समोरच्याची रॅकेट पोचायच्या आत गुण संपलेला असतो. मातीवर तोच चेंडू किंचित उशिरा आणि खांद्याच्या उंचीला येतो, आणि तेवढ्या वेळात चांगला खेळाडू तो परत पाठवतो. म्हणजे जो गुण विम्बल्डनमध्ये आयता मिळतो, तो इथं कमवावा लागतो. एकदा नव्हे, प्रत्येक गुणाला.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथंच आहे. पीट सॅम्प्रसनं चौदा ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची विजेतेपदं, जिंकली, त्यांतली सात विम्बल्डन, पण पॅरिसमध्ये त्याची मजल १९९६ च्या उपांत्य फेरीपुढे कधी गेली नाही. बोरिस बेकरनं तर व्यावसायिक दौऱ्यावरची एकेरीची एकही स्पर्धा क्लेवर जिंकली नाही. जॉन मॅकेन्रो १९८४ च्या पॅरिसच्या अंतिम सामन्यात इव्हान लेंडलविरुद्ध दोन सेटनं पुढे होता आणि तरी हरला. ही माणसं कमी प्रतीची नव्हती. त्यांचा खेळ झटपट संपवण्यावर, सर्व्हिस करून नेटकडे धावण्यावर उभा होता, आणि इथली जमीन झटपट काही संपूच देत नाही. उलट स्पेन, इटली, अर्जेंटिना इथली मुलं लहानपणापासून अशाच कोर्टांवर वाढतात, त्यांना तिसाव्या फटक्याचीही घाई नसते.

मला मात्र तुम्हाला एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे, आणि बाकी सगळं विसरलात तरी ती लक्षात ठेवा. क्लेवरचा सामना बघताना चेंडूकडे बघू नका, पायांकडे बघा.

घट्ट जमिनीवर पसरलेली सुटी भुकटी म्हणजे पाय सरकणारच. नवखा माणूस त्याला घाबरतो. मी घाबरायचे, गुडघे फोडून घेतलेत. बाबा सांगायचे, घसरणं अडवू नकोस, घसरणं तू ठरव. मला ते बरीच वर्षं नुसतं वाक्य वाटायचं. मग एकदा मुलग्यांचा फुटबॉल बघताना उलगडलं. भात कापणी झाल्यावर शेतात आपल्याकडे फुटबॉल चालतो ना, तिथं एखादा चांगला बचावपटू घसरत येऊन नेमका चेंडूपाशी थांबतो. नुसता धावत आला असता तर पुढे निघून गेला असता. क्लेवर तसंच आहे. खेळाडू चेंडूकडे धावतो, शेवटच्या दोन-तीन पावलांऐवजी एक लांब घसर घेतो, आणि घसर थांबते त्याच क्षणी फटका मारतो. फटका आधी मारून मग घसरला तर समजा तो उशिरा पोचला होता. कारण त्यानंतर त्याला उभं राहून मागे फिरावं लागतं, आणि तोवर पुढचा चेंडू दुसऱ्या कोपऱ्यात. चांगल्या खेळाडूची घसर हीच त्याची परतीची तयारी असते. घसरतानाच तो मधे परत यायला वळलेला असतो. हे एकदा दिसायला लागलं की कोण दमतोय, कोण बिथरलाय, हे गुणफलकाच्या आधी तुम्हाला पायांवरून कळेल. कोर्टवर उमटलेल्या लांब लांब रेघा बघा, त्या घसरीच्याच असतात. खेळाडू मधूनच रॅकेटनं बुटांच्या तळव्यावर टकटक मारतात, तेही त्यासाठीच. तळव्याच्या नागमोडी खाचांत चुरा भरला की पाय हवा तसा धरत नाही.

राफाएल नदालचं नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होणार नाही. २००५ ते २०२२ या काळात त्यानं पॅरिस चौदा वेळा जिंकलं. तिथं खेळलेल्या ११६ सामन्यांपैकी तो फक्त चार हरला: २००९ मध्ये सोडरलिंगशी, २०१५ आणि २०२१ मध्ये जोकोविचशी, आणि २०२४ मध्ये झ्वेरेवशी. कुठल्याही खेळात एका मैदानावर एका माणसाची अशी हुकूमत मला तरी माहीत नाही. त्याचा डावखुरा फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूनं मारलेला फटका, चेंडूला मिनिटाला तीन हजारांहून जास्त फेरे देत असे. वरून खाली वळत येणारा असा चेंडू चुऱ्यात टेकला की कण त्याला आणखी घट्ट धरतात आणि तो उसळून थेट खांद्यावर जातो. समोर रॉजर फेडरर, एका हातानं बॅकहँड, म्हणजे दुसऱ्या बाजूचा फटका, मारणारा. कमरेच्या उंचीचा चेंडू त्या बॅकहँडनं किती सुंदर जायचा! पण खांद्यावरचा चेंडू एका हातानं दाबणं म्हणजे डोक्यावरच्या फळीवरून भरलेला डबा एका हातानं उतरवण्यासारखं. २००८ चा अंतिम सामना नदालनं ६-१, ६-३, ६-० असा जिंकला. मी तो घरी बघत होते आणि शेवटच्या सेटमध्ये मला बघवेना. फेडरर माझा फार आवडता. पुढच्या वर्षी सोडरलिंगनं नदालला बाहेर काढलं आणि अंतिम सामन्यात सोडरलिंगला हरवून फेडररनं एकदाचं पॅरिस जिंकलं. सोडरलिंगला ते जमलं कसं? तो उंच होता, त्यामुळे इतरांच्या खांद्यावर जाणारा चेंडू त्याला बरोबर मारायच्या उंचीवर मिळायचा, आणि तो सपाट, जोरकस मारायचा.

बायकांच्या टेनिसमध्ये ख्रिस एव्हर्टनं १९७३ ते १९७९ या काळात क्लेवर सलग १२५ सामने जिंकले. तो आकडा मी बाबांकडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला माझ्या ऐकण्यात चूक झाली असं वाटलं होतं. हल्ली इगा श्वियाँतेकनं २०२० आणि मग २०२२ ते २०२४ अशी चार वेळा पॅरिस जिंकलं. तिची घसर जरूर बघा, दोन्ही बाजूंना सारखीच सहज.

आता पंचांचं. चेंडू चुऱ्यावर पडला की लंबगोल ठसा उमटतो. रेषेवर वाद झाला की पंच खाली उतरतात, ठशापाशी जातात, ठसा रेषेला टेकलाय की नाही हे बघतात आणि बोटानं खूण करतात. इतर कोर्टांवर हे काम यंत्र करतं. २०२५ मध्ये विम्बल्डननंही रेषापंच काढून टाकले, पुरुषांच्या क्लेवरच्या इतर स्पर्धांमध्येही यंत्र आलं, पण त्या वर्षी पॅरिसमध्ये माणसंच होती. मला हे फार आवडतं. कधी कधी खेळाडू स्वतः जाऊन प्रतिस्पर्ध्याचा ठसा बघतो आणि पायानं पुसून टाकतो. याचा अर्थ, चेंडू आत होता, गुण तुझा. लाखो लोक बघत असताना स्वतःच्या विरुद्ध दिलेला तो कौल असतो. क्लबात आम्हा मुलांना तेच पहिलं शिकवलं होतं. ठसा पुसल्यावर वाद बंद.

हवामानानं कोर्ट कसं बदलतं ते आपल्या लोकांना सांगायला नको. ऊन कडक असेल तर कोर्ट सुकतं, चेंडू चटकन येतो आणि उंच उसळतो. हवा दमट-थंड असेल तर चेंडूची लव ओलावा आणि चुरा ओढून घेते, चेंडू जड होतो, जमिनीवरून उठतच नाही. बारीक पाऊस असला तरी सामना थांबवत नाहीत, कारण गवतासारखा पाय एकदम निसटत नाही. २०२० मध्ये साथीमुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली. थंडीत उसळी कमी, म्हणून यंदा नदालचा फोरहँड चालणार नाही असं पुष्कळांनी म्हटलं. त्यानं अंतिम सामन्यात जोकोविचला पहिल्या सेटमध्ये एक गेमसुद्धा दिला नाही. माद्रिदनं २०१२ मध्ये टीव्हीवर चेंडू नीट दिसावा म्हणून निळ्या रंगाचं क्ले केलं, ते इतकं निसरडं निघालं की नदाल-जोकोविचनं उघड नाराजी दाखवली. पुढच्या वर्षी परत लाल. अमेरिकेत हिरव्या रंगाचं क्ले असतं, ते दगडाच्या भुकटीचं, थोडं वेगवान. अमेरिकन ओपनही १९७५ ते १९७७ अशी तीन वर्षं त्यावर झाली होती.

खेळ हळू असतो म्हणून कंटाळवाणा, हे मात्र मला मान्य नाही. चेंडू हळू असतो, सामना नव्हे. १९८९ च्या चौथ्या फेरीत सतरा वर्षांचा मायकल चँग जगातल्या अव्वल क्रमांकाच्या लेंडलपुढे दोन सेटनं मागे पडला होता. पाचव्या सेटपर्यंत त्याच्या पायांत इतके पेटके यायला लागले की नीट उभं राहता येईना. मग त्यानं एक सर्व्हिस खालून, लहान मुलं करतात तशी केली. लेंडल गडबडून पुढे आला आणि गुण गेला. चँग तो सामना जिंकला आणि पुढे स्पर्धाही. झटपट कोर्टवर असा पोरगा तासाभरात घरी गेला असता. मातीनं त्याला विचार करायला वेळ दिला. २०२५ चा अंतिम सामना तुम्ही बघितला नसेल तर आधी तो शोधा. अल्काराझ दोन सेट मागे, चौथ्या सेटमध्ये स्वतःच्या सर्व्हिसवर ३-५, ०-४०, म्हणजे सिनरकडे विजेतेपदाचे तीन गुण. ते तिन्ही वाचवून, पाच तास एकोणतीस मिनिटांनी अल्काराझ जिंकला. पॅरिसच्या अंतिम सामन्यांत इतका लांब दुसरा कुठलाच नाही. त्यात त्याचे नाजूक ड्रॉप शॉट बघा. मातीवर खेळाडू बेसलाइनच्या खूप मागे उभे राहतात, म्हणून नेटजवळ हळूच टाकलेला चेंडू इथं सर्वांत महाग पडतो. धावत येऊन तो उचलणारे पायही तितकेच बघण्यासारखे.

आपल्या लोकांचंही या मातीशी नातं आहे. भारताचं ग्रँड स्लॅममधलं पहिलं विजेतेपद इथलंच, १९९७ ची मिश्र दुहेरी, महेश भूपतीनं जपानच्या रिका हिराकीबरोबर जिंकलेली. लिअँडर पेस आणि भूपतीनं १९९९ आणि २००१ मध्ये पुरुष दुहेरी जिंकली. पेसचे वडील वेस पेस मूळचे गोव्याचे, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ब्राँझ जिंकलेल्या हॉकी संघातले. १९९९ साली आमच्या क्लबात त्या विजयाचे पेढे वाटले होते. एकेरीत सुमित नागलनं २०२४ मध्ये माँटे कार्लोच्या क्लेवरच्या स्पर्धेत मुख्य फेरीत एक सामना जिंकला, तिथं असं करणारा तो पहिला भारतीय. तो घडला युरोपातल्या अशाच कोर्टांवर. आपल्याकडे मोठ्या स्पर्धा बहुतेक सिमेंटच्या कोर्टवर होतात. आमच्या क्लबातलीही मातीची कोर्टं काही वर्षांपूर्वी उखडून कृत्रिम कोर्टं केली. दर वर्षी चार महिने बंद ठेवायचं, मग रोज पाणी, रोज रूळ, हे परवडेना म्हणाले. मला ते अजून पटलेलं नाही. मामांना तर त्या दिवशी क्लबात पाऊलच ठेववलं नाही.

तर यंदा कुठून सुरुवात करायची? एप्रिलमध्ये माँटे कार्लो, मग माद्रिद, रोम, आणि मेच्या अखेरीस पॅरिस. माद्रिद समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरवर असल्यानं तिथं चेंडू पळतो, म्हणून खरा मातीचा खेळ बघायचा तर रोम चांगलं. पॅरिसचे सामने आपल्याकडे दुपारी अडीचला सुरू होतात, पुरुषांचा अंतिम सामना जूनमधल्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला. त्या सुमाराला गोव्यात पाऊस दारात आलेला असतो, तेव्हा इन्व्हर्टर आधीच चार्ज करून ठेवा. आणि मुख्य कोर्टवर कॅमेरा नेटच्या खांबाजवळ गेला तर तिथं जमिनीत बसवलेली एक पाटी शोधा. २०२५ मध्ये नदालच्या निरोपाच्या वेळी ती बसवली. तिच्यावर त्याचं नाव आहे, १४ चा आकडा आहे आणि त्याच्या बुटाचा ठसा आहे.